सल्ला आणि सलामी

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणच्या किनाऱ्यावर झाला. 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडणाऱ्या या किनाऱ्याला तो मान मिळाला हे सर्वस्वी उचित होते. आरमाराचे महत्त्व ओळखणाऱ्या राज्यकर्त्याने सिंधुदुर्ग उभारला तो येथेच. राजकोटावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले, नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा झाली, युद्धनौकांची प्रात्यक्षिके झाली. पुतळ्याचे काम नौदलाच्या देखरेखीखाली झाले होते. 26 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे नऊ महिनेही पुरे होण्यापूर्वी, तो कोसळला. चौकशी समितीने पुढे गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष जोडकाम ही कारणे दिली. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या असल्याने या घटनेवरून जी रणधुमाळी माजली ती अपेक्षितच होती. नवा पुतळाही 2025 साली उभा राहिला. परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. या कामात कोठे कसर राहत आहे, त्याला अधिक अवधी हवा, असे वेळीच वर कळविणारा गणवेशातील कोणी होता काय? आणि असल्यास त्याचे कोणी ऐकले काय?

एखादा पुतळा पडल्याने देशाचे संरक्षण उघडे पडत नाही, हे खरे. तथापि हा प्रश्न पुतळ्यापुरता नाही. सैन्य हे आज्ञापालनावर चालते आणि ते तसेच चालले पाहिजे. लोकशाहीत तर अखेरची आज्ञा लोकनियुक्त सरकारची असते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण आज्ञा एकदा सुटली की ती निमूटपणे पाळायची असते, म्हणूनच ती सुटण्यापूर्वी दिला जाणारा सल्ला निर्भीड असावा लागतो. लष्करी पेशाची व्यावसायिकता शस्त्रे किती आधुनिक आहेत यावरून जितकी ठरते, तितकीच ती अप्रिय वस्तुस्थिती खालून वर किती अंतरापर्यंत पोहोचते यावरून ठरते. ती मध्येच अडली तर काय होते, याची दोन मोठी उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत, आणि दोन्हींचे धागे महाराष्ट्राशी जुळलेले आहेत.

पहिले उदाहरण रत्नागिरीला जवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हिंदी नौदलात खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून होत असे आणि त्यांत कोकणी मुसलमान कुटुंबांतील तरुणांचा भरणा मोठा होता. समुद्राशी पिढीजात संबंध असलेले हे लोक. अधिकारी मात्र बहुतेक इंग्रज. दल लहान होते, माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत होती, त्यामुळे अन्याय असला तरी त्याला एक प्रकारची सवय झालेली होती. युद्धाच्या काळात हे दल दीड-दोन हजारांवरून पंचवीस हजारांच्या आसपास गेले. देशाच्या सर्व भागांतून शिकलेले तरुण त्यात आले. तारायंत्रे आणि संदेशवहन शिकलेली ही मुले वर्तमानपत्रे वाचत होती. त्यांना हाताळणारे अधिकारी मात्र घाईने नेमलेले होते आणि पुष्कळांना या देशाची ना भाषा माहीत होती, ना माणसे.

8 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईच्या 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख कमांडर किंग याने खलाशांना उद्देशून अत्यंत हीन शब्द वापरले. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. खलाशांनी लगेच बंड केले नाही. त्यांच्यापैकी चौदा जणांनी नियमाप्रमाणे तक्रारी नोंदविल्या. खोटी तक्रार करणे हा गुन्हा आहे, याची जाणीव त्यांना तत्परतेने करून देण्यात आली; तक्रारीची दाद मात्र लागली नाही. दहा दिवसांनी, 18 तारखेला, अन्नावरून संप झाला आणि दोन दिवसांत तो 78 जहाजे व 20 किनारी ठाणी यांवर पसरला. नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून, नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर पण सरकार नमणार नाही, अशा अर्थाची धमकी दिली. आपल्याच दलाचा नाश पत्करण्याची भाषा सेनानीने करावी, यापरते नेतृत्वाचे अपयश दुसरे कोणते असेल? 23 फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. तोपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक नागरिक गोळीबारात मेले होते.

या उठावाच्या राष्ट्रीय आशयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तो आशय होताच. पण न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने जी कारणे नोंदविली त्यांत निकृष्ट अन्न, वांशिक भेदभाव, सेवामुक्तीविषयीची अनिश्चितता आणि अधिकारी व खलाशी यांच्यातील तुटलेला संबंध यांना मोठे स्थान आहे. ज्याला तक्रार करण्याचा मार्ग कागदोपत्री खुला आहे आणि प्रत्यक्षात बंद आहे, असा सैनिक फार काळ शिस्तीत राहत नाही. याच जिल्ह्यातील दापोलीला या गोष्टीचा अनुभव त्याही पूर्वी आलेला होता. महारांची लष्करातील भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी पुढाकार घेऊन सरकारकडे विनंतीअर्ज तयार केला होता. त्या अर्जाचे इंग्रज सरकारने काही केले नाही. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले, आणि तेही महायुद्धाची गरज पडली म्हणून.

दुसरे उदाहरण 1962 चे. वरच्या पातळीवर खरे सांगण्याची वाट कशी बुजते, याचा तो धडा आहे.

कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे 1957 ते 1961 या काळात पूर्व विभागाचे सेनापती होते. ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत नाव कमावलेला हा सेनानी कार्यालयीन सरदार नव्हता. ईशान्य सीमा प्रदेशाच्या संरक्षणाचा अभ्यास करून त्यांनी 8 ऑक्टोबर 1959 रोजी एक टिपण वर पाठविले. चीनकडून खरा धोका आहे, सीमेवर विखुरलेली ठाणी तो थोपवू शकणार नाहीत, रस्ते आणि कुमक पोहोचू शकेल अशा मागच्या रेषेवर लढले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता. मार्च 1960 मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' या नावाने कागदावरचे युद्ध खेळून दाखविले. चिनी फौजा कोणत्या दिवशी कोठवर येतील याचा त्यात बांधलेला अंदाज अडीच वर्षांनी पुष्कळसा खरा ठरला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र ही सर्व भयग्रस्तता वाटली. आपले टिपण पंतप्रधानांपर्यंत पोहोचलेच नाही, असे थोरातांनी पुढे लिहून ठेवले आहे.

1959 च्या ऑगस्टअखेर सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी बढत्यांमधील हस्तक्षेपाला कंटाळून राजीनामा दिला होता. नेहरूंनी त्यांना तो मागे घ्यायला लावला आणि लगेच संसदेत त्यांनाच चार शब्द सुनावले. थिमय्यांनी राजीनामा देणे चूक होते की मागे घेणे, याविषयी मतभेद संभवतात. परंतु सैन्याने त्यावरून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. 1961 मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत ही त्यांची शिफारस बाजूला राहिली आणि जनरल थापर सेनाप्रमुख झाले. ज्यांना युद्धभूमीवर मोठ्या तुकडीचे नेतृत्व करण्याचा अनुभव नव्हता पण पंतप्रधानांच्या घरी सहज प्रवेश होता, ते जनरल कौल मुख्यालयात सर्वांत प्रभावी ठरले. थगला डोंगरावरून चिन्यांना हुसकणे शक्य नाही, असे सांगणारे कोअर कमांडर उमरावसिंग यांच्याकडून ती जबाबदारी काढून नव्या कोअरकडे देण्यात आली व तिचे प्रमुख कौल झाले. ते आजारी पडून दिल्लीला आले आणि अंथरुणावरून हुकूम देत राहिले. नामका चू नदीकाठी उन्हाळी कपड्यांत उभ्या असलेल्या जवानांनी त्याची किंमत दिली.

पराभवानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हेंडरसन ब्रुक्स व भगत या दोन सेनाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाविषयी त्यांनी 2 सप्टेंबर 1963 रोजी संसदेत जे निवेदन केले, ते मराठी वाचकाने आजही मुळातून वाचावे असे आहे. कनिष्ठ अधिकाऱ्यांची कामगिरी साधारणतः ठीक होती. उणिवा जास्त दिसल्या त्या वरच्या पातळीवर. काही वरिष्ठ सेनानी खालच्या अधिकाऱ्यांच्या पुढाकारावर पुरेसे विसंबले नाहीत, वास्तविक त्या भूमीची आणि आपल्या जवानांच्या स्थितीची माहिती त्या खालच्या अधिकाऱ्यांनाच होती, असे चव्हाणांनी सांगितले. मोठ्यातल्या मोठ्या सैन्यालाही सरकारकडून स्पष्ट धोरण व आदेश मिळावे लागतात, हेही त्यांनी दडविले नाही. एका मुरब्बी राजकारण्याने आपल्याच पक्षाच्या सरकारविषयी एवढे बोलावे ही लहान गोष्ट नव्हती. चव्हाणांचे मोठेपण भाषणापेक्षा कार्यपद्धतीत अधिक होते. तिन्ही सेनाप्रमुखांना ते नियमित भेटत, त्यांचे म्हणणे ऐकून घेत आणि निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेत. 1 सप्टेंबर 1965 रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. दुपारी जनरल चौधरी यांनी विमानहल्ल्याची मागणी केली, चव्हाणांनी ती काही मिनिटांत मान्य केली आणि सायंकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. त्या गोंधळात काही बॉम्ब आपल्याच जवानांवर पडले, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा सल्ला आणि निर्णय यांच्यामध्ये मर्जीचा पडदा नव्हता, हा तीन वर्षांतील फरक होता.

मूळ अहवाल मात्र अद्याप सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. 2014 मध्ये त्याचा काही भाग परदेशी पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी जगापुढे ठेवला, तेव्हाही सरकारी मौन सुटले नाही. काँग्रेसची सरकारे गेली, इतरांची आली. या एका बाबतीत सर्वांचे एकमत दिसते.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत सेनादलांच्या नेतृत्वाच्या रचनेत फार मोठे बदल झाले आहेत. त्यांतील काही निःसंशय आवश्यक होते. तिन्ही दलांचा समन्वय साधणारा सेनाधिकारी हवा, ही शिफारस कारगिलनंतर झाली होती. ती 2019 अखेर अमलात आली आणि 1 जानेवारी 2020 पासून जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख झाले. डिसेंबर 2021 मध्ये त्यांचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर साडेनऊ महिने हे पद रिकामे राहिले. दरम्यान जून 2022 मध्ये नियम बदलले आणि बासष्ट वर्षांखालील सेवेतील वा निवृत्त लेफ्टनंट जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांनाही या पदाची दारे उघडली. सप्टेंबरमध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल अनिल चौहान यांची नेमणूक झाली. 2025 मध्ये त्यांना मुदतवाढही मिळाली. मे 2024 मध्ये सेनाप्रमुख जनरल मनोज पांडे हे नागपूरचे सुपुत्र निवृत्तीला पाच दिवस उरले असताना एक महिन्याची मुदतवाढ देऊन ठेवून घेण्यात आले. यांपैकी कोणाच्याही योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती पद्धतीविषयी. बढती, मुदतवाढ आणि निवृत्तीनंतरची नेमणूक या तिन्ही गोष्टी एकाच हातात आणि कारणे न सांगता दिल्या जाऊ लागल्या, तर पदावर असलेल्या प्रामाणिक माणसाच्या मनातही एक हिशेब सुरू होतो. तो हिशेब सुरू होऊ नये अशीच रचना असायला हवी.

केवळ सेवाज्येष्ठता हा यावर उपाय आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. जन्मतारखेवरून सेनापती ठरविण्यात शहाणपण नाही. 1983 मध्ये लेफ्टनंट जनरल सिन्हा यांना डावलून जनरल अरुणकुमार वैद्य सेनाप्रमुख झाले. वैद्यांच्या शौर्याविषयी आणि कर्तृत्वाविषयी कोणी प्रश्न उपस्थित करू शकत नाही. 2016 मध्ये दोघांना मागे ठेवून रावत आले. सरकारला निवड करण्याचा अधिकार आहेच. दुसऱ्या टोकाला, डिसेंबर 1998 मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांनी सरकारने केलेली नेमणूक अमलात आणण्यास नकार दिला व त्यांना बडतर्फ करण्यात आले. सल्ला कितीही कडक असू शकतो, निर्णय झाल्यानंतरचा नकार ही निराळी गोष्ट आहे, आणि त्या प्रकरणी सरकारची घटनात्मक बाजू भक्कम होती. पण एका सेनादलाच्या प्रमुखाशी मंत्रालयाचे संबंध त्या थराला जाईपर्यंत संसदेला त्याचा पत्ता नसावा, हे संसदेला भूषणावह नव्हते.

अग्निपथ योजनेकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. 14 जून 2022 रोजी ती जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला कायम नोकरी, उरलेल्या तिघांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. योजनेच्या बाजूने सांगितले जाणारे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. सैनिकाचे सरासरी वय 32 वरून 26 वर आणणे हा एक. दुसरा पैशाचा. 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यांतले 1.60 लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी. एवढा भार असता आधुनिक शस्त्रे कोठून आणायची, हा प्रश्न कोणत्याही सरकारपुढे उभा राहील.

परंतु निर्णय झाला कसा? तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या आत्मचरित्रातील काही भाग डिसेंबर 2023 मध्ये वृत्तसंस्थेने दिला. थोड्या जवानांपुरत्या अल्पकालीन सेवेची कल्पना लष्कराने मांडली होती. तिला जे रूप आले ते लष्कराला अनपेक्षित होते आणि नौदल व हवाईदलाला तर अधिकच. पंचाहत्तर टक्के ठेवावेत आणि पंचवीस टक्के सोडावेत, असे लष्कराचे मत होते, असे त्यात म्हटल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर ते पुस्तक तपासणीसाठी सरकारदरबारी अडकले. नरवण्यांचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. पण सैन्यभरतीची शतकभराची घडी बदलणाऱ्या निर्णयात व्यावसायिक सल्ला काय होता आणि तो का नाकारला, हे लोकांना निवृत्त सेनाप्रमुखाच्या अप्रकाशित पुस्तकातील उताऱ्यांवरून कळावे, ही स्थिती चांगली नाही. संसदेत योजनेवर आधी चर्चा झाली असती तर कदाचित योजना तीच राहिली असती, पण तिचे दोष आधी दिसले असते.

त्यांतील एका दोषाची चर्चा फारच थोडी होते. सैन्याचा कणा नाईक, हवालदार, सुभेदार हा असतो. नवा लेफ्टनंट तुकडीत येतो तेव्हा त्याला खरे शहाणपण हा सुभेदार शिकवितो, आणि प्रसंगी 'साहेब, हे जमणार नाही' असे अदबीने पण ठामपणे सांगतो. पंधरा-वीस वर्षांच्या सेवेने आणि पलटणीतील मानाने त्याला ते बळ दिलेले असते. चार वर्षांच्या उमेदवारीवर असलेल्या मुलाचे काय? त्याच्या शेजारच्या खाटेवरील तिघे त्याचे प्रतिस्पर्धी आहेत आणि त्याचे भवितव्य वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून आहे. अन्न वाईट आहे, बूट गळके आहेत, अधिकारी अपशब्द वापरतो, हे तो कोणाला सांगेल? शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर असलेला शिक्षक मुख्याध्यापकाला कितपत विरोध करतो, हे या पानाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. तळाशी कायम होण्याची आशा आणि शिखरावर मुदतवाढीची आशा, अशी दोन्ही टोके मर्जीला बांधली गेली तर मधल्या अधिकाऱ्यांनी तेवढे ताठ राहावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

सैन्यात खरे बोलण्याची परंपरा संपली आहे असे मात्र नव्हे. मे 2025 मधील 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये आपली काही विमाने पडली, हे जनरल चौहान यांनी 31 मे रोजी सिंगापूरमध्ये मान्य केले. विमाने पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचे, चूक ओळखली, दुरुस्त केली आणि पुन्हा उड्डाणे केली, असे त्यांनी सांगितले. हे खऱ्या व्यावसायिक सैनिकाचे बोलणे होते आणि त्याने सेनादलांची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. फक्त ते तीन आठवडे उशिरा, परक्या भूमीवर आणि परदेशी वृत्तवाहिनीपुढे बोलले गेले. आपल्या संसदेत ते सांगण्याची सोय कोणी करून दिली नव्हती. उलट 2023 मध्ये रजेवर घरी जाणाऱ्या जवानांनी गावोगावी सरकारी उपक्रमांची माहिती द्यावी, अशी सूचना निघाली होती. जवानाने प्रचार करावा आणि सेनापतीने मौन पाळावे, असा हा उलटा न्याय आहे.

कारगिलनंतर वाजपेयी सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेपुढे आला होता. त्याच धर्तीवर 1962 चा अहवाल खुला करणे, मुदतवाढीचे व निवडीचे निकष लिखित करणे, संरक्षणविषयक संसदीय समितीपुढे सेनाप्रमुखांना मोकळेपणाने बोलता येणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. सरकार कोणत्या पक्षाचे आहे यावरही त्या अवलंबून असू नयेत.

अग्निवीरांच्या बाबतीत तर वेळ थोडा आहे. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी 28 मार्च 2023 रोजी ओडिशातील चिल्का येथून शिक्षण संपवून बाहेर पडली. तीत 273 मुली होत्या. नौदलाने खलाशी म्हणून मुली घेण्याची ही पहिलीच वेळ. त्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. ज्यांना परत पाठविले जाईल त्यांना आपले गुण आणि शेरे लेखी मिळणार काय, त्यांवर दाद मागता येणार काय आणि ती ऐकणारा अधिकारी त्याच जहाजावरचा असणार की बाहेरचा, एवढे तरी त्यापूर्वी ठरले पाहिजे. 'तलवार'वरील चौदा तक्रारींना उत्तर देण्यासाठी दहा दिवस होते.